बाजाराकडचा जिना

सर्जेराव मुकादम संपतची वळकटी घेऊन आला तेव्हा कांताबाई अंगणात तूर पाखडत होती. राजूरच्या अलीकडच्या त्या वाडीत मुकादम एरवी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून यायचा. त्या दिवशी फाट्यावर उतरून एकटाच चालत आला. वळकटी ओट्यावर ठेवली आणि पाणीसुद्धा न मागता म्हणाला, "पळाला तुमचा माणूस."

"पळाला म्हंजे?" संपतचा बाप भिवा खांबाला टेकून बसला होता, तो सरळ झाला.

"पळाला म्हंजे पळाला. दुपारच्या पाळीला खाली उतरला, मधल्या सुट्टीत बाजाराकडच्या जिन्यानं वर गेला अन् पुन्हा आलाच न्हाई. कलकत्ता म्हंजे आपलं राजूर न्हाई, बाबा. माणूस एकदा गर्दीत शिरला की गेला." मग जाता जाता, जणू त्यालाच लाज वाटत होती अशा आवाजात, तो म्हणाला, "तिथल्या एका बाईचं नाव घेत होते लोक."

कांताबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

दुष्काळ सरून तीन वर्षं झाली होती. त्याआधी भिवा आणि संपत या बापलेकांनी पंचक्रोशीतल्या कितीतरी विहिरी खोदल्या होत्या. खाली उतरलेल्या माणसाला वरून आभाळ ताटलीएवढं दिसतं, आणि त्या ताटलीएवढ्या उजेडात संपत दिवस दिवस पहार मारायचा. दुष्काळानं विहिरींचे तळ उघडे पाडले. दुष्काळ गेला तेव्हा सुरुंगवाले आले, त्यांची यंत्रं आली, आणि हातानं खोदणाऱ्याला कुणी विचारेना. तेवढ्यात सर्जेरावानं बातमी आणली, कलकत्त्यात जमिनीखालून रेल्वे नेऊन राह्यलेत, खोदणारी माणसं पाहिजेत. संपत पहिल्याच टोळीत गेला.

मागच्या दिवाळीच्या सुमाराला तो घरी येऊन गेला होता. बोलायला लागला की थांबायचा नाही. "अगं, वर ट्राम चालून राह्यली अन् खाली आम्ही. डोक्यावर नुसतं घडघड घडघड. वरच्या लोकाला पत्ताच न्हाई खाली माणसं हायत म्हणून. स्टेशन हाय ते. अजून नाव बी न्हाई ठेवलं त्याला." कांताबाई हसली होती. जमिनीखाली स्टेशन आणि त्याला नाव नाही, म्हणजे बारसं न झालेल्या लेकरासारखं, असं काहीतरी ती म्हणाली होती आणि मग दोघंही गप्प झाले होते, कारण त्यांना लेकरू नव्हतं.

मुकादम गेल्यावर तिनं वळकटी सोडली. दोन सदरे, एक लेंगा, कंगवा, दाढीचं सामान. आणि सगळ्यात आत, कागदात गुंडाळलेल्या चपला. खाली उतरताना रबरी बूट घालावे लागतात, चपला वर ठेवतो, असं संपतनंच सांगितलं होतं.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली, "पळणारा माणूस चपला टाकून पळंल का?"

भिवानं चपलांकडं बघितलं. सासू बोलली. गिरिजाबाई चुलीपुढून उठून आली, तिनं चपला उचलल्या, पदरानं पुसल्या आणि फडताळात ठेवल्या. "घाईत गेला आसंल. जिवंत हाय ना? बस. बाईच्या नादानं गेला तर गेला. पुरुषाचा नाद उतरतो एक दिवस. येतो परत."

"आत्याबाई, पण..."

"पण काय? तुझ्यापाशी त्याला बांधून ठेवायला होतं तरी काय?"

वाडीत आठ दिवस तेच चाललं. पाणवठ्यावर कांताबाई आली की बोलणं थांबायचं. विहारात वंदनेला गेली तर शेजारची बाई कीव करून जवळ सरकून बसायची, आणि ती कीव तिला चटका बसावा तशी लागायची. तो पळाला असेल तर ती टाकलेली बाई होती. पण मग तो कुठंतरी श्वास घेत होता, भात खात होता, झोपत होता. तो पळाला नसेल तर? त्याच्यापुढं तिचं मन जायचं नाही. दोन्हींपैकी काय मागावं हेच तिला कळेना. एकदा शेतात बांधावर बसून ती मोठ्यानं म्हणाली, "पळालेला असू दे." आणि म्हटल्याबरोबर तिला संपतचा असा राग आला की हातातलं खुरपं तिनं मुठीपर्यंत मातीत खुपसलं.

राजूरच्या बाजारात जालन्याचा एक बांगडीवाला यायचा. त्याच्याकडून तिला कळलं की जालन्यातल्या मस्तगडचा गयासोद्दीन कलकत्त्याहून परत आला आहे, हात मोडून. गयासोद्दीनचं नाव तिनं संपतच्या तोंडून ऐकलं होतं. सळया वाकवायचं, बांधायचं काम करायचा तो. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच चुलीवर शिजवायचे. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ती जालन्याच्या बसमध्ये बसली.

मस्तगडच्या गल्लीत घर सापडलं. दारात गयासोद्दीनची बायको अजीजुन्निसा उभी राहिली. "ते घरात न्हाईत," ती म्हणाली. आत कुणीतरी खोकलं. अजीजुन्निसानं मान खाली घातली.

"बरं," कांताबाई म्हणाली आणि पायरीवर बसली.

ऊन पायरीवरून सरकत भिंतीवर गेलं. अजीजुन्निसानं आधी पाणी आणून दिलं. मग बऱ्याच वेळानं भाकरी आणि डाळ. मग ती स्वतःच येऊन शेजारी बसली. "मुकादमनं धमकी देऊन ठेवली, बहन. तोंड उघडलं तर कुठंच काम न्हाई मिळनार म्हणतो. हात असा झाला. आम्ही काय करायचं?"

"मी त्यांना कुणाविरुद्ध बोलायला लावत न्हाई," कांताबाई म्हणाली. "फक्त जागा सांगा म्हणावं. माझा माणूस कुठं उभा होता ती जागा. मला तेवढं बी माहीत न्हाई."

पडदा बाजूला झाला. गयासोद्दीन बाहेर आला. उजवा हात गळ्यात बांधलेला, डोळे खोल गेलेले. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "आत या, भाभी."

अंगणात शहाबादी फरशी होती. डाव्या हातात कोळसा धरून तो उकिडवा बसला आणि त्यानं फरशीवर दोन लांब रेघा ओढल्या, एकमेकींपासून चार वितींवर.

"ह्या दोन भिंती. आपल्याकडं आधी विहीर खोदतात, मंग बांधकाम. तिथं उलटं. आधी भिंती. वरूनच जमिनीत अरुंद चर पाडायचा, तो पातळ गाऱ्यानं भरलेला ठेवायचा म्हंजे कडा ढासळत न्हाईत. मंग त्यात सळयांचा पिंजरा सोडायचा. तो मी बांधायचो. वरून काँक्रीट ओतलं की गारा वर निघून येतो अन् भिंत खाली उभी राहते. अशा तुकड्या तुकड्यानं दोन्ही बाजू झाल्या की मधली माती काढायची. ते काम संपतभाईचं."

"अन् वर?"

"वर लोखंडी तुळया, तुळयांवर जाड फळ्या, फळ्यांवर रस्ता. ट्राम, गाड्या, माणसं, सगळं चालू. पूर्ण झाल्यावर रस्त्याखाली आधी एक मोठा हॉल, तिकिटाचा. त्याच्या खाली फलाट. फलाटाच्या दोन्ही अंगानं गाड्या." तो दोन भिंतींच्या मध्ये रेघा ओढत गेला. "दोन्ही टोकांना जिने. तिथला एक म्हातारा पहारेकरी सांगायचा, पहिले त्या जागी खाडी होती. नावा चालायच्या. मंग शहरानं आपला कचरा टाकून टाकून ती बुजवली अन् वर रस्ता केला. आम्हाला खोदताना नावेच्या फळ्या सापडायच्या, फुटकी मडकी, शंखाच्या बांगड्या. माती काळी, आपल्या कापसाच्या रानासारखी. पण तळ न्हाई तिला. दाबली की पाणी."

कांताबाई फरशीवर वाकली होती. "ते कुठं होते?"

त्यानं एका टोकाला, कोपऱ्यात, कोळसा टेकवला. तो उचलला तरी काळा ठिपका तिथंच राहिला.

"शिडी कुठंय?"

"मधोमध. एकच."

"अन् हे? हा जिना तर जवळच हाय."

"तो जिना न्हाई, भाभी. जिन्याची जागा हाय. भिंतीवर चुन्यानं खूण केलेली. पलीकडं माती. बाजाराकडचा जिना तोच, पण तो अजून कापलाच न्हाई."

कांताबाईनं वर बघितलं. "मुकादम म्हणाले, त्याच जिन्यानं वर गेले."

गयासोद्दीननं बायकोकडं बघितलं. मग कांताबाईच पुन्हा फरशीकडं वळली. तिचं बोट आता रेघांवरून भराभर फिरू लागलं. "बरं, रेल्वे पुढं जाणार ना? मंग पुढं बोगदा आसंल. तिकडून?"

"पुढच्या स्टेशनाकडून खोदाई अजून इथवर आली न्हाई. शेवटाला आडवी भिंत हाय."

"वरच्या फळ्या?"

"त्यावर ट्राम हाय, भाभी."

"पाणी साचत आसंल. ते काढायला नळ आसंल."

"हातभर रुंदीचा."

तिनं स्वतःचा हात कोपरापासून बोटापर्यंत फरशीवर ठेवला आणि त्याकडं बघत राहिली. "अंगानं बारीक होते ते," ती म्हणाली.

अजीजुन्निसा उठून आत गेली आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला.

गयासोद्दीननं बघितलं होतं तेवढं सांगितलं. दुपारी तो वरच्या बाजूला सळया बांधत होता. खाली भिंतीच्या दोन तुकड्यांच्या सांध्यातून काळं पाणी आलं, मग पाण्याबरोबर माती. ओरडा झाला. शिडीकडं धावाधाव झाली. एक तुळई सरकली आणि त्याच्या हातावर आली. पुढचं त्याला आठवत होतं ते दवाखान्यातलं. कामाच्या जागी परत गेला तेव्हा तो कोपरा काँक्रीटनं भरून टाकलेला होता आणि संपत पळाला असं सर्जेराव सगळ्यांना सांगत होता.

"म्हंजे तुम्ही शेवट बघितला न्हाई," कांताबाई म्हणाली.

"न्हाई बघितला."

"मंग शिडीपर्यंत आले बी असतील."

नाही म्हणण्याइतकं त्याला माहीत नव्हतं आणि हो म्हणायची त्याला हिंमत नव्हती.

घरी येऊन तिनं फक्त भिवाला सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, धोतर बदललं आणि म्हणाला, "चल."

सर्जेरावाचं घर राजूरलाच, देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. तो झोपाळ्यावर बसला होता. दोघांना बघून त्यानं घरातल्या माणसांना आत जायला सांगितलं.

"मुकादम," कांताबाईनं उभ्या उभ्या विचारलं, "त्या बाजाराकडच्या जिन्याला पायऱ्या कशाच्या हायत? दगडाच्या का सिमेंटच्या?"

"सिमेंटच्या. कामून?"

"तिथं जिना न्हाईच. भिंत हाय. चुन्याची खूण हाय."

झोपाळा थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

तिनं नाव घेतलं नाही. भिवा पुढं झाला. त्याचा आवाज शांत होता, विहिरीच्या काठावरून खालच्या माणसाला विचारावं तसा. "माती एकदम आली का हळूहळू?"

"बाबा, तुम्ही घरी जा."

"मी जन्मभर खाली उतरलोय, सर्जेराव. एकदम आली तर माणसाला कळत न्हाई. हळू आली तर कळतं. मला एवढंच सांग."

सर्जेरावानं झोपाळ्याची साखळी धरली. मग तो बोलायला लागला तेव्हा त्या दोघांशी नाही, समोरच्या भिंतीशी बोलावं तसा बोलला. "हळू आली. बाकीचे शिडीवर चढले. तो टोकाला होता, मधी चिखल झाला होता मांडीइतका. वर रस्ता खचून राह्यला होता. ट्राम थांबवली, बाजूच्या घराला भेग गेली, चार मजली घर, बायापोरं बाहेर पळून राह्यली. साहेब म्हणाला, आत्ताच्या आत्ता काँक्रीट सोडावं लागंल, न्हाईतर सगळं जाईल. मला विचारलं, खाली कुणी हाय का. आपल्या टोळीतल्या निम्म्या माणसांची हजेरीपटावर नावं लागलेली नव्हती. मी म्हणालो, न्हाई. सगळे वर आले."

"ओरडले का ते?" कांताबाईनं विचारलं. तिला स्वतःचाच आवाज लांबून येतोय असं वाटलं.

"ओरडणं नव्हतं ऐकू येत."

"मंग?"

"सळई वाजवत होता कुणीतरी. भिंतीतली सळई. टण टण."

"तुम्ही न्हाई म्हणाला तेव्हा वाजत होती?"

सर्जेरावानं डोळे मिटले. "एकदा मशीन सुरू झालं की काही ऐकू येत न्हाई, बाई."

भिवा होता तिथंच खाली बसला. त्याला उठवायला कांताबाईला त्याच्या दोन्ही काखांत हात घालावे लागले. एवढा मोठा, आयुष्यभर पहार मारलेला माणूस, पण वजन असं नव्हतंच. रस्त्यानं तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "मी शिकवलं त्याला. अडकला तर वाजवत राहा म्हणून मी शिकवलं."

गिरिजाबाई दारातच उभी होती. कांताबाईनं तिचे हात धरले. "आत्याबाई, ते पळाले न्हाईत."

"मंग कुठंय?"

"तिथंच हायत. खाली."

गिरिजाबाईनं हात सोडवून घेतले आणि सुनेच्या थोबाडीत मारली. "तू मारलंस माझ्या लेकाला. जिवंत होता तो. कुणी सांगितलं होतं तुला जालन्याला जायला? पळालेला होता, चांगला होता!" तिनं दुसऱ्यांदा हात उगारला, पण तो खाली आलाच नाही, तसाच हवेत राहिला. कांताबाई गाल पुढं करून उभी राहिली. मारून घ्यावं, मन भरेपर्यंत मारून घ्यावं, असं तिला खरंच वाटत होतं.

जालन्याच्या ठाण्यात ती भिवाला घेऊन गेली. गयासोद्दीन आपणहून आला. अजीजुन्निसानंच त्याला पाठवलं होतं. हात गळ्यात बांधलेला, त्यानं जमादारापुढं उभं राहून सगळं सांगितलं. सर्जेरावाला बोलावलं, तर तो म्हणाला, असं मी काही बोललोच नाही. म्हातारा दुःखानं भ्रमिष्ट झालाय. जमादार वाईट माणूस नव्हता. त्यानं कांताबाईला बसायला बाक दिला. "गुन्हा झाला आसंल तर तो तिकडं झाला, बाई. मी इथून काय करू? तिकडं जाऊन तक्रार करा."

"तिकडं कुणाला सांगू? मला त्यांची भाषा येत न्हाई."

"ते बी खरंच हाय," जमादार म्हणाला.

गयासोद्दीनला त्यानंतर जालन्यातल्या एकाही ठेकेदारानं कामावर घेतलं नाही. तो घरी लोहाराकडं उरलेल्या लोखंडाच्या तुकड्यांतून डाव्या हातानं उलथनी करायला लागला. कांताबाई कधी बाजाराला गेली तर अजीजुन्निसाकडं जाऊन बसायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत.

विहारात संपतची पुण्यानुमोदनाची वंदना झाली. गिरिजाबाई आली नाही. ती संध्याकाळी चार ताटल्या मांडायची. कांताबाई चौथी उचलून ठेवायची नाही. तिनं एकदाही सासूला सांगितलं नाही की चौथी मांडू नका.

शिमगा झाला आणि शेतातलं काम सरलं. मग कळलं की सर्जेराव नवी टोळी नेतोय. देवळाजवळच्या मोकळ्या जागेत ट्रक उभा राहिला होता. वळकट्या, ट्रंका, निरोप द्यायला आलेल्या बाया. कांताबाई गर्दीतून वाट काढत ट्रकच्या मागच्या फाळक्याशी गेली. बोलायचं काय हे तिनं ठरवलं नव्हतं. आत बसलेली पोरं तिला ओळखत होती. संपतबरोबर पोहलेली, त्याच्या लग्नात नाचलेली.

"ऐका," ती म्हणाली. "खाली उतरायच्या आधी शिडी कुठंय ते बघा. एकच शिडी आसंल तर उतरू नका. टोकाला जाऊ नका. भिंतीच्या सांध्यातून पाणी आलं तर कुणाला विचारत बसू नका, पळा. अन् तुमचं नाव लागलंय का ते रोज बघा. नाव न्हाई तर तुम्ही खाली न्हाईत. ऐकलं का? तुम्ही सळई वाजवली तरी तुम्ही खाली न्हाईत."

ड्रायव्हरजवळ बसलेला सर्जेराव मागं वळला नाही. ट्रकमध्ये कुणीतरी तोंड फिरवलं. एका पोराची आई पुढं आली, कांताबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाली, "समदं खरं हाय, बाई. पण इथं राहून तो करंल काय? तू सांग. मी त्याला उतरवते."

कांताबाईनं त्या बाईकडं बघितलं, मग ट्रककडं, मग पुन्हा त्या बाईकडं.

दोन जण खाली उतरले. ट्रक सुरू झाल्यावर त्यातला एक धावत जाऊन पुन्हा चढला. दुसरा कडूबा, भिवाच्या चुलत्याचा नातू. हातात वळकटी घेऊन तो धुळीत उभा राहिला आणि ट्रक वळणावरून दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिला.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "संपतदादाला खरंच कुणी काढलं न्हाई?"

"न्हाई."

"मंग मी काय करू आता?"

"मला न्हाई माहीत," कांताबाई म्हणाली. तिनं त्याच्या हातातलं वळकटीचं एक टोक धरलं, आणि दोघं वाडीच्या वाटेनं चालायला लागले.